ढेकर

तेर गावच्या बिबीजानचे दोन रेडे, भुऱ्या आणि चांद्या, एका वयाचे, एकाच दावणीचे. बाजारात न्यायच्या आधी ते अंगानं भरावेत म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी नवी पावडर आणली आणि बजावलं, "चाची, वैरण दोघांना सारखीच घालायची. पावडर मात्र एकट्या भुऱ्याला. मग फरक आपोआप कळेल."

थोड्याच दिवसांत भुऱ्याचा ढेकर बंद झाला. चांद्या मात्र रवंथ करता करता खुशाल ढेकर देत बसायचा. बिबीजानच्या जिवाला घोर लागला. तिच्या घरी जेवलेला पाहुणासुद्धा ढेकर दिल्याबिगर कधी ताटावरून उठला नव्हता.

दिवाळी झाल्यावर डॉक्टर बघायला आले. भुऱ्या तुळतुळीत, अंगानं भरलेला. चांद्याच्या बरगड्या लांबून मोजून घ्याव्यात.

डॉक्टर हरखले. "बघा चाची, पावडरीचा गुण! खाल्लेल्या वैरणीचा पोटात गॅस होतो आणि ढेकरावाटे वाया जातो. पावडरीनं तो गॅसच कमी केला, म्हणून ढेकर नाही. सगळं अंगाला लागलं. आता साऱ्या गावाला हीच पावडर सांगतो!"

बिबीजानला बोलायला तोंड फुटेपर्यंत त्यांची मोटारसायकल पुढच्या गोठ्याकडं वळलीसुद्धा. तिनं चांद्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला.



"माफ कर रे बेटा. त्याला ढेकर न्हाय म्हंजे त्यो उपाशीच असंल, म्हणून म्या रोज तुझ्याच पुढची वैरण उचलून त्याला घातली."