पहारेकऱ्याचा नकार

"बंद केलं की चालतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी ते करूनही दाखवलं. एक आज्ञा टाइप केली, तशी प्रयोगशाळेचे रिपोर्ट पडद्यावर भराभर उमटले. पुन्हा चालू केलं, पडदा कोरा. "आता आणखी काय पुरावा हवा, कुलूपताई?"

हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण हॉस्पिटलच्या संगणक विभागात तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. दिसेल त्याला कुलूप लावायची तिला खोडच होती. साहेबांनी ज्याच्यावर आळ घेतला होता तेही तिचंच कुलूप. एसईलिनक्स, सर्व्हरच्या आत बसलेला पहारेकरी. कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइलला हात लावायचा ते तो बघतो आणि कोणाचीच भीडभाड ठेवत नाही. मागे तो बंद होता तेव्हा बाहेरचं कोणीतरी रिपोर्टच्याच वाटेने आत शिरलं आणि पेशंटांचे आजार चव्हाट्यावर आले. त्यानंतर तिने साहेबांचं डोकं खाऊन खाऊन तो चालू करून घेतला होता. आज नव्या सर्व्हरचा पहिला दिवस, आणि पठ्ठ्याने रिपोर्टच अडवून धरले.

"मी जेवून येतो," साहेब उठले. "तोवर जमलं तर ठीक. नाहीतर तुमच्या पहारेकऱ्याला कायमची सुट्टी. वर डॉक्टर खोळंबलेत."

ते खरंच होतं. छापलेले रिपोर्ट छातीशी धरून वॉर्डातले मामा सकाळपासून जिने चढत होते. जाता जाता त्यांनी दारातून डोकावलं.

"ताई, माझे गुडघे तुमच्या हातात आहेत बरं का."

ती हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. एकदा बंद झालेला पहारेकरी पुन्हा कोणी चालू करत नाही, हे ती पुरतं जाणून होती.

करायचं ते सगळं करून झालं होतं. फाइलींच्या परवानग्या ठीक होत्या. मध्येच वैतागून साहेबांनी सगळ्यांना सगळं उघडं करून टाकलं होतं, अगदी आओ जाओ घर तुम्हारा. तरी पहारेकरी ढिम्म. तिने निमूटपणे ते पुन्हा पूर्ववत केलं होतं.

आता एकच उपाय राहिला होता. पहारेकऱ्याने दिलेल्या नकारावरून त्याच्यासाठी परवान्याचा नवा नियम आपोआप तयार करून देणारं एक साधन असतं. ते वापरलं की काम फत्ते. तिने नियम तयार केला. एंटर दाबायला बोट उचललं आणि सवयीने आधी वाचून पाहिलं. नियमाचा अर्थ असा होता की रिपोर्टच्या प्रोग्रामला लोकांच्या घरच्या फाइली वाचायची मुभा द्यावी.

त्या सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं एक खासगी फोल्डर असतं, त्याला घर म्हणतात. म्हणजे एका एंटरसरशी तिने सगळ्यांच्या घरांची दारं उघडून दिली असती. कुलूपताईने! तिने बोट मागे घेतलं.

आणि मग ती थबकली. घरच्या फाइली? इथे घराचा काय संबंध? रिपोर्ट तर त्यांच्या ठरलेल्या जागी होते. तिने फोल्डर पुन्हा तपासलं. आता परवानग्या सोडून त्याच्यावर चिकटलेलं लेबल वाचलं, ज्यावरून पहारेकरी सामान ओळखतो ते. 'घरचं सामान.'

"अगं बाई!"

सकाळी नव्या सर्व्हरवर आल्या आल्या तिनेच ते फोल्डर आधी स्वतःच्या घरात उतरवून घेतलं होतं, नीट पारखलं होतं आणि मग उचलून जागेवर ठेवलं होतं. तिथे त्याची नक्कल केली असती तर नव्या जागेचं लेबल लागलं असतं. उचलून नेलं की जुनंच लेबल सोबत जातं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती हे घोकून घोकून शिकवायची.

लेबलं जागेप्रमाणे पुन्हा लावायला एक ओळ पुरली. पान ताजं केलं. रिपोर्ट आले! पहारेकरी टक्क जागा होता आणि रिपोर्ट धडाधड येत होते. तिने टेबलावर अशी थाप मारली की पेनस्टँड आडवा झाला. मग वर फोन लावला. "सिस्टर, मामांना म्हणावं, आता बसा!"

साहेब परतले तेव्हा ती खुर्चीत बसून गोल फिरत होती.

"चालू ठेवून चालतंय?" त्यांचा विश्वास बसेना. "मग चूक कोणाची होती?"

"माझी!" पहिला नंबर आल्यासारखं तिने सांगितलं. "साहेब, आम्ही घर बदललं ना, तेव्हा सासूबाईंची पुस्तकं मी 'स्वयंपाकघर' लिहिलेल्या खोक्यात भरली. हमालांनी ती नेऊन ओट्यावर ठेवली. त्यात हमालांचा काय दोष? तसंच झालं. लेबल घरचं होतं, म्हणून ह्याने हात लावू दिला नाही."

"म्हणजे ह्याने तुम्हालाही सोडलं नाही?"

"नाही ना!"

साहेबांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. रिपोर्टकडे पाहत हळूच म्हणाले, "परत एकदा तीच चूक करा बघू."

तिने आपल्या घरातली एक रिकामी फाइल उचलली, रिपोर्टच्या फोल्डरात ठेवली आणि रिपोर्टच्या प्रोग्रामला ती उघडायला सांगितली. पडद्यावर आलं, परवानगी नाही.

"शाबास रे," साहेब पडद्याला म्हणाले.