आयोगासाठी एक आरोपी

"केरबा, वर्दी उतरव आणि कोठडीत जाऊन बस," इन्स्पेक्टर तोडकर म्हणाले.

कोठडीवर पहारा देणाऱ्या हवालदार केरबाला वाटलं, साहेबांचं डोकं सटकलं. पण तसं नव्हतं, साहेब नुसते घाबरले होते. राज्य मानवी हक्क आयोगाच्या बाई आज कोठडी बघायला येणार होत्या. त्या धास्तीनं तोडकरांनी काल सगळी कोठडीच मोकळी केली. संशयावरून उचललेले, वरनं फोन आला म्हणून बसवलेले, कशाला आणले तेच कुणाला आठवत नव्हतं असले, सगळे घरी पाठवले. फिनेल ओतलं. अटक झालेल्याच्या हक्कांचा फलक माळ्यावरनं काढून, पुसून टांगला. आणि सकाळी रिकामी कोठडी बघून त्यांनाच घाम फुटला. अख्ख्या ठाण्यात एक आरोपी नाही, हे कुठली बाई खरं मानेल? माणसं लपवली म्हणून उलट आपलीच चौकशी लागायची.

"साहेब, आज माझ्या रूपालीची सुपारी फोडायची हाय. पावणं घरी मलकापूरला येऊन बसल्यात. रजा मागून मागून दमलो की."

"रजा-बिजा काय न्हाय. बाई विचारतील तेवढंच बोलायचं. जेवण झकास, मारहाण न्हाय, तक्रार न्हाय."

थोरल्या पोरीच्या वेळी केरबा असाच बंदोबस्तात अडकला होता. बापाची वाट बघून बघून पाहुणे रागानं उठले आणि सोयरीक मोडली. ते पुन्हा नको होतं. पण साहेबांपुढं बोलणार कोण? त्यानं लुंगी नेसली आणि आत जाऊन बसला. बाहेरनं कुलूप लागलं.

बाई आल्या. निवृत्त न्यायाधीश, बोलायला मऊ. गजांजवळ वाकून त्यांनी विचारलं, "किती दिवस आत आहात?"

तोडकरांनी डोळे वटारले. केरबानं त्यांच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. मलकापूरची गाडी सुटायला आली होती.

"बावीस वर्सं झाली, बाई."

तोडकरांच्या हातातल्या बशीतला चहा त्यांच्याच पँटवर सांडला.

"घरी कळवलंय का?"

"रोज कळवतो की. आज बी जमत न्हाय म्हणून."

"गुन्हा काय?"

"त्योच कुणी सांगंना झालंय. सणावाराला तर लईच डांबत्यात. गणपती, दसरा, जोतिबाची जत्रा. पोरी कवा मोठ्या झाल्या, मला ठावं न्हाय." एवढं बोलून त्यानं लुंगीच्या टोकानं डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं.

बाईंनी चष्मा सावरला. लुंगीखाली पोलिसांचे तपकिरी बूट चकाकत होते. घाईत तेवढे काढायचे राहिले होते. बाई बुटांकडं जरा वेळ बघत राहिल्या. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "तोडकर, हा माणूस कोण आहे?"

तोडकर पँटवरचा चहा पुसायला लागले. हवालदार म्हणावं, तर आयोगाला फसवलं. आरोपी म्हणावं, तर बावीस वर्षं!

"आरोपी आहे, मॅडम," ते पुटपुटले.

"अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करायचं असतं. हे देशाच्या घटनेत लिहिलंय, तुमच्या त्या फलकावरही लिहिलंय. आत्ताच्या आत्ता सोडा याला."

"व्हय मॅडम! अरे किल्ली कुठाय? किल्ली आणा रे!"

सगळं ठाणं किल्ली शोधायला लागलं. खण उपसले, खुंट्या चाचपल्या, शिव्या झाल्या. केरबा शांतपणे उठला. कमरेची किल्ली काढून त्यानं गजांतनं हात बाहेर घातला आणि कुलूप उघडलं.

"येतो, बाई. पावणं खोळंबल्यात," म्हणत तो लुंगी सावरत स्टँडकडं पळत सुटला.

बावीस वर्षं ती किल्ली त्याच्याच कमरेला होती.