पंजा

"भिंगरीला तुम्हीच सांगा, बाई," भिंगरीची आई म्हणाली. "तुमचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही."

बाई हॉस्पिटलच्या खाटेच्या पायथ्याशी सरकल्या.

बाई जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये नाच शिकवायच्या. कोलांट्या सरांकडे, दोन कोलांट्यांमधल्या गिरक्या, झेपा, हातांची लय बाईंकडे. त्यांचा सगळा जीव पायाच्या पंजात. पोरीचा पाय जमिनीवरून सुटला रे सुटला की बाई ओरडायच्या, "पंजा!" की पाय बोटांच्या टोकापर्यंत ताणलाच पाहिजे. बाई "सोड" म्हणेपर्यंत ढिला करायचा नाही. मग पोटरीत गोळा येवो नाहीतर डोळ्यांत पाणी.

मंगळवारी त्या अशाच ओरडल्या. सवयच ती, मेली! पण भिंगरी तेव्हा नाचत नव्हती. गुडघे छातीशी घट्ट आवळून ती हवेत कोलांटी घेत होती. आठ वर्षं बाईंच्या हाताखाली घडलेली पोर. शब्द कानावर पडला आणि तिने पाय ताणले. कोलांटी अर्ध्यातच उघडली. भिंगरी मानेवर आली.

सर तेव्हा पाठमोरे होते. "पोरीने पाय लवकर उघडले," एवढंच ते येईल त्याला सांगत होते. का उघडले, ते बाईंना ठाऊक होतं. आणि भिंगरीला. पण तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या पायांवरची चादर बाजूला केली. "बोट जरी हललं तरी पुष्कळ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आज हललं नाही, तर मात्र कठीण आहे."

"पंजा," बाई कशाबशा म्हणाल्या.

"असं नाही हो, बाई!" मानेला पट्टा, त्यामुळे भिंगरीला फक्त छत दिसत होतं. "हॉलमधल्यासारखं म्हणा ना."

"पंजा!"

बाहेरची नर्स दारात येऊन उभी राहिली. भिंगरीने ओठ दाबून धरले. कपाळावरची शीर तट्ट फुगली. पावलं होती तशीच पडून होती. डॉक्टरांनी बराच वेळ वाट पाहिली, मग पेन खिशाला लावलं. आई खिडकीकडे वळली.

"बाई, आला ना?"

आठ वर्षांत बाईंनी तिचा केसभर ढिला पंजा चालवून घेतला नव्हता.

"आला," त्या म्हणाल्या. "छान आला."

भिंगरी हसली. थोडा वेळ श्वास रोखून तशीच पडून राहिली. मग हळूच म्हणाली,

"बाई, सोडू का आता?"