हुकाची विश्रांती

साचा उचललेल्या क्रेनच्या हुकावर तांबडा दिवा लागला. ओझ्याने पोलादातले कण फुगले होते, आता दणका बसला तर हूक काचेसारखा फुटणार. चार तास मोकळा टांगला की कण पुन्हा बारीक होत. तेवढी विश्रांती हुकाला कायद्यानेच होती.

बारा तास क्रेन चालवणाऱ्या शेवंताला नव्हती.

"साहेब, पाठ धरलीय. मलाही सोडा."

"साचा उतरव नि दुसरी क्रेन घे," खालून फोरमन मिरजकर ओरडले. "तुझी पाठ मोडली तर माल पडत नाही, बाई!"

खाली कुणी नाही हे बघून शेवंताने दहा टनांचा साचा अधांतरीच थांबवला आणि हाताची घडी घातली.

"उतरव गं! हूक जाईल!"

"आधी बदली माणूस पाठवा."

धापा टाकत मिरजकर स्वतःच बदलीला क्रेनची शिडी चढू लागले.