एकाच शर्टातले सर

"तुमच्या सरले बोलवा आधी," ईश्वरदासने उत्तरपत्रिका काउंटरवर आपटली. "मले त्यायचं तोंड पाहाचं आहे."

काउंटरमागच्या मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नंदिनी असं नाव होतं. तिने उत्तरपत्रिकेकडे पाहिलं, मग ईश्वरदासच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या मुलीकडे. पायल शाळेच्या गणवेशातच होती आणि फरशीकडे बघत होती.

"बसा ना काका. काय झालं?"

"बसाले नाही आलो. नववीचं बीजगणित, पहिलं सत्र. तुमचा ऑनलाइन कोर्स घेतला आन् पोट्टी नापास झाली. हे शिकवणं होय का?"

सीताबर्डीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याचा राग निवला तर नव्हताच, जिन्यागणिक चढला होता. का चढू नये? पायलच्या शाळेत जूनपासून गणिताला शिक्षक नव्हता. हेडमास्तरांना विचारलं की ते म्हणत, येतील, येतील. शेवटी ईश्वरदासनेच हा कोर्स शोधला. कळमेश्वरच्या कारखान्यातून घरी आला की चहासुद्धा न घेता तो पायलला घेऊन क्लासला बसायचा.

पोरीच्या हातात मोबाइल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे फोन त्याच्याच खिशातून निघायचा. क्लास तोच लावायचा, साखरेच्या डब्याला टेकवून फोन तोच उभा करायचा आणि क्लास संपला की फोन परत खिशात. पायलचं बोट त्या काचेला एकदाही लागलं नाही. हे तो चारचौघांत मिशीला पीळ देत सांगायचा.

बीजगणितातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो आपला सरांकडे बघत बसायचा, आणि सर त्याला पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते. अंगात सदानकदा तो विटका गुलाबी शर्ट. शिकवणं रंगात आलं की मागे कुकरच्या शिट्ट्या. एवढी मोठी कंपनी, जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतते आणि मास्तरला स्वयंपाकघरात बसवते! ज्याला धड दुसरा शर्ट घेता येत नाही, तो पोरांना काय डोंबल शिकवणार?

पायलचंही लक्ष लागत नसे. सुरुवातीला एकदा ती म्हणाली, "बाबा, हे तर..." त्याने तिथेच दटावलं, "क्लासमंदी तोंड बंद." त्यानंतर ती कधी बोलली नाही. मान खाली घालून बसायची. पोरीला शिस्त लागली, याचा ईश्वरदासला आनंदच झाला होता.

काल निकाल लागला. संतापाच्या भरात तो बोलून गेला की शाळा बस्स झाली, आता भिवापूरला आत्याकडे जायचं आणि मिरचीचे देठ खुडायचे. सरिता, त्याची बायको, रडली. पायल रडली नाही. एकदा बोललेला शब्द फिरवणाऱ्यातला ईश्वरदास नव्हता. पण सकाळी तोंड धुताना त्याच्या मनात आलं, चूक पोरीची नसलीच तर? मग त्याने सुट्टी टाकली.

"मी काय म्हणते काका," नंदिनी सांभाळून म्हणाली, "कधीकधी मुलं क्लास लावतात आणि भलतंच बघत बसतात."

"नाचता येईना आन् अंगण वाकडं, असं नका करू मॅडम. मी सोता बाजूले बसतो. पापणी नाही हलवत माही पोट्टी." त्याने काउंटरवर बोट टेकवलं. "आज फैसला करूनच जातो. चूक तुमची निघाली तर पोट्टी शाळेत जाईन. हिची निघाली, तर उद्याच्या गाडीनं भिवापूर. मी दोनदा बोलत नसतो."

नंदिनीने पायलकडे पाहिलं आणि मुकाट्याने उत्तरपत्रिका उघडली. पानं उलटताना तिच्या कपाळाला आठी पडली.

"पहिल्या प्रकरणावरचे, म्हणजे संचावरचे, सगळे प्रश्न बरोबर आहेत. एकही मार्क गेलेला नाही. मात्र वास्तव संख्या, बहुपदी, पुढचं सगळं कोरं आहे."

"तेच म्हणून राहिलो ना मी! अर्धंच शिकवलं तुमच्या सरनं. बाकीचं काहून नाही शिकवलं? आमचे पैसे काय पैसे नाहीत?"

"तुमचा मोबाइल नंबर सांगा."

नंबर टाकून नंदिनी बराच वेळ संगणकाकडे बघत राहिली. ईश्वरदासला वाटलं, सापडली चोरी. तो पायलकडे वळून हलकेच म्हणाला, "भिऊ नको वं. मी आहो ना."

नंदिनीने पडदा त्याच्याकडे फिरवला. सरांचे छोटे छोटे फोटो एकाखाली एक मांडलेले होते. पहिल्यात सर गुलाबी शर्टात होते. दुसऱ्यात निळ्या, तिसऱ्यात चौकड्यांच्या, त्याखाली पांढऱ्या.

"काका, सर रोज समोर बसून शिकवत नाहीत. हे धडे आधीच तयार करून ठेवलेले आहेत. एक झाला की त्याच्या खालचा लावायचा." तिने गुलाबी शर्टाच्या फोटोवर बोट ठेवलं. "तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून हा वरचाच धडा लागतो आहे. खालच्या धड्यांना कुणी हातच लावलेला नाही."

ईश्वरदास त्या निळ्या शर्टाकडे बघत राहिला. त्याचं बोट अजून काउंटरवर टेकलेलं होतं. ते उचलायचं त्याला सुचेना.

"घरी धडा लावतं कोण?" नंदिनीने विचारलं.

त्याने तोंड उघडलं.

"मी लावत होती, मॅडम," पायल मागून म्हणाली. "बाबा नुसते बाजूले बसत."