शोकेससाठी पाइप

समजा, तुम्ही त्या टेबलाशी ठमीच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आहात. कोपर जरा आत घ्या, नाहीतर स्पिरिटची बाटली कलंडेल. टेबलावर जुना पेपर अंथरलेला आहे आणि त्याच्यावर तंबाखू ओढायचा पाइप, दोन तुकडे वेगळे करून ठेवलेला. एक तुकडा लाकडाचा: तंबाखू भरायची वाटी आणि तिची आखूड दांडी. दुसरा म्हणजे तोंडात धरायची नळी. ती मूळची काळी, आता हिरवट पडलेली, आणि तिच्यावर कुणा अनोळखी माणसाच्या दातांचे व्रण. बाबांनी हा पाइप काल जुन्या बाजारातून आणला. कालपासून आई घरात भांडी ठेवत नाही, आपटते.

“छातीवरचे टाके अजून लाल आहेत,” ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. “एक झुरका घेतलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. आणि बाजारातून आणलं काय, तर हे.”

“ओढायला आणलाय का मी?” बाबा म्हणाले. “साफ करायचा आणि शोकेसमध्ये ठेवायचा. घरी बसून माणसानं करायचं काय? हवं तर ठमीला विचार.”

“जित्याची खोड...” आई म्हणाली आणि थांबली. म्हणीचा उरलेला अर्धा भाग तिने गिळला.

ठमी ताडकन उठली. “आई, तू उगाच त्यांच्या मागे लागतेस. ते नुसता साफ करतायत. मी बसलेय ना इथे? बघतेय ना?”

“तू बघतेयस. मग काय, मिटली माझी काळजी.” आईने पिशवी उचलली आणि ती बाहेर गेली. दार असं लागलं की बाटलीतलं स्पिरिटसुद्धा हललं.

बाबांनी ठमीला डोळा मारला, आणि दोघं कामाला लागली.

काम मजेचं होतं, हे मान्य करायला हवं. वाटीच्या आत काजळीचा जाड थर होता. बाबा बोथट चाकूने तो हलक्या हाताने खरवडत होते. मग त्यांनी चिमट्याने नळीच्या टोकातून जुना फिल्टर ओढून काढला. फिल्टर म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब अशी कागदी नळी, धुरातली घाण अडवणारी. ती कधीकाळी पांढरी असेल. आता उकळून फेकलेल्या चहाच्या चोथ्यासारखी काळी आणि चिकट होती. ठमीने नाक दाबलं.

“ही घाण त्या माणसाच्या छातीत जाणार होती?”

“अडकली ना फिल्टरमध्ये.”

“सगळी अडकते?”

बाबांनी दांडीत फुंकर मारली आणि भोकातून दिव्याकडे बघितलं. “तू नळी घे,” ते म्हणाले. “हा बारीक पॉलिश पेपर. पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. तो खरखरीत कागद नाही घ्यायचा. आणि टोकाची ही खुंटी बघितलीस? ही दांडीत घट्ट बसते. हिला कागद लावायचा नाही. केसभर जरी झिजली तरी नळी ढिली होते, हवा शिरते, निसटून पडते. मग पाइप बाद.”

ठमीने जिभेचं टोक दातांत धरलं आणि घासू लागली. हिरवट रंग उतरला. दातांचे व्रण बुजत गेले. खुंटीला तिने बोटाने झाकून ठेवलं होतं. बाबांनी लाकडावर तेलाचा हात फिरवला आणि त्याच्यातून तांबूस रेषा वर आल्या. “वा, ठमाबाई, वा,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक डबी काढली. डबीत नवे फिल्टर होते, खडूसारखे पांढरे. त्यांनी एक उचलला, तिच्या हातातली नळी घेऊन तिच्यात सरकवून बघितला. नेमका बसला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“बाबा, हा शोकेसमध्येच ठेवायचाय ना?”

“हो, म्हणजे काय.”

“मग फिल्टर कशाला?”

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतंच. “असू दे गं. असला की पाइप पुरा वाटतो.”

“आणि बाकीचे?”

“ते डबीनेच मिळतात.” त्यांनी फिल्टर काढून डबीत टाकला, डबी खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला. “हे बघ, आईच्या कानावर घालू नकोस. उगाच तिचं डोकं फिरेल. माझ्या बाजूची ना तू?”

ठमीचे कान तापले. रडू नाही आलं. आईला आपण काय काय सुनावलं, ते एकेक शब्दानिशी आठवलं, आणि दाराचा तो आवाजही.

“एवढी शेवटची चमक आण,” बाबा नळी तिच्यापुढे ठेवत म्हणाले. “मी हात धुऊन येतो.”

न्हाणीघरात नळ सुरू झाला. ठमीने बारीक कागद बाजूला ठेवला. खरखरीत कागद घेतला. तो खुंटीभोवती गुंडाळला, मुठीत आवळला आणि जोर लावून पिळायला सुरुवात केली.

“झालं का गं?” बाबांनी आतून विचारलं.

“होतंय,” ठमी म्हणाली. “शोकेसमध्ये छान दिसेल.”

काळी भुकटी पेपरावर, त्या जुन्या फिल्टरच्या शेजारी, पडत राहिली. ठमीने कागदाचा न झिजलेला भाग फिरवून घेतला आणि पुन्हा मूठ आवळली.