जावेच्या हातचा खण

"आई, दरीकडे बघू नका. माझ्या टाचांकडे बघा," पुढून सून म्हणाली.

दोन्ही बाजूंना दरी आणि मधे हातभर रुंद कातळ. सासूबाई त्यावरून बसूनच पुढे सरकत होत्या. ओटीचं सामान पोटाशी बांधलेलं होतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण या कातळाच्या भीतीने त्या दरवर्षी पायथ्याशीच थांबत आणि देवीची ओटी जावेच्या हाती वर पाठवत.

शेवटच्या खडकापाशी सुनेने हात पुढे केला. "राहू दे गं," म्हणत त्या स्वतःच चढल्या. घसरून घसरून साडी मागे टरकली होती. ते पाहून दोघींना हसू आवरेना.

ओटी भरून झाल्यावर त्या देवीजवळ वाकल्या.

"खण दरवर्षी पोचत होता ना?" त्यांनी हळूच विचारलं. "तो मीच पाठवायचे."